भांगेच्या झाडाची पिशवी

आज प्रदर्शनात एका काकूंनी माझ्या स्टॉलवरची पिशवी पसंत केली. महाशिवरात्रीला त्र्यंबकला पूजेचं सामान न्यायला हवी होती. कापड कशाचं, असं त्यांनी विचारलं. भांगेच्या झाडाचं, मी खरं ते सांगितलं. त्यांनी पिशवी लगेच खाली ठेवली.

“देवाचं सामान गांजाच्या कापडात? नको गं बाई.”

“काकू, तिथे भांग घेता का?”

“घोटभर. तो प्रसाद असतो.”

शेजारच्या स्टॉलवाली म्हणाली, पाटीवर नुसतं ‘नैसर्गिक धागा’ लिही, सगळा माल खपेल.

नाही लिहिणार. गांजाला परवानगी द्यावी की नाही, यावर खुशाल भांडा. पण धाग्यासाठी लावतात त्या जातीत नशा जवळजवळ नसतेच, तिच्या शेतीला त्यात कशाला ओढता?

उद्या पाटीवर ‘भांग’ मोठ्या अक्षरात असेल. पोटात चालते ती खांद्यावर का चालत नाही, तुम्हीच सांगा.