दुसऱ्याच्या रानातली पहिली अंजिरं

बारामतीहून दौंडला जाणारी छोटी गाडी सुटली, तेव्हा बाबा खिडकीकडे पाठ करून बसले. त्या बाजूला आमची अंजिराची बाग होती, म्हणजे आदल्या आठवड्यापर्यंत होती. आई म्हणाली, "एकदा बघून तरी घ्या."

"बघितलंय," बाबा म्हणाले.

तुम्ही जे बारामतीत मागे राहिलात त्यांना आम्ही का गेलो ते कधी नीट कळलं नाही, म्हणून लिहितेय.

आम्ही बेने इस्राएल, मूळचे कोकणातले ज्यू. कालव्याच्या खात्यातून निवृत्त झाल्यावर बाबांनी पणदऱ्याच्या वाटेवरचं, गावातल्या तात्यांचं रान खंडाने कसायला घेतलं. अंजीर पिकू लागलं की पहिल्या फळाच्या देठाला ते दोरा बांधायचे. आपले पूर्वज यरुशलेमच्या मंदिरात हंगामाची पहिली फळं नेत, त्यातली उत्तमच, असं सांगायचे. आता मंदिर नाही, म्हणून आमची टोपली गावातल्या आजाऱ्यांकडे जायची. किडकं, फुटलेलं त्यात एकही नसे. ते आम्ही खायचं.

एकदा मुंबईहून आमच्या प्रार्थना चालवणारे हज्जान आले. बाबांनी कौतुकाने दोरा दाखवला.

"रान कुणाचं?" त्यांनी विचारलं.

"तात्यांचं. मी खंडाने करतो."

"मग मंदिर असतं तरी तुमची फळं चालली नसती. 'देवा, तू मला दिलेल्या जमिनीचं हे फळ,' असं तिथे म्हणावं लागायचं. तुम्ही कसं म्हणणार?"

बाबा जेवले नाहीत. दुसऱ्या दिवशी त्यांनी तात्यांकडे रान विकत मागितलं. "व्हय, तुमालाच देनार," तात्या म्हणाले. "ह्या झाडांची माया दुसऱ्या कुनाला हाय?" बाबांना तेवढा शब्द पुरला.

मग इंदापूरकडे साखर कारखाना आला. पाटाखालची रानं उसाला जाऊ लागली. तात्यांनी आमचंही दिलं. झाडांवर हिरवी अंजिरं धरली होती.

"एवढं फळ पिकू द्या, तात्या."

"ऊस थांबत न्हाय, साहेब. बेणं येऊन पडलंय. तुमी परमुलखातली मानसं, कुठंबी झाडं लावाल."

कुऱ्हाडी चालल्या तेव्हा बाबा बांधावर उभे होते. हिरवी अंजिरं गड्यांनी शेळ्यांपुढे टाकली.

मुंबईच्या खोलीत बाबांनी कुंडीसुद्धा ठेवली नाही. तिथेच ते गेले.

मी पुढे इस्राएलला आले. आमच्या मोशावात, म्हणजे शेतकऱ्यांच्या सहकारी गावात, शावुओतच्या सणाला मुलं ट्रॅक्टरवरून पहिल्या फळांच्या टोपल्या मिरवतात. माझ्या नावावर जमीन आहे. शेजारणी म्हणतात, आता मिळालं ना सगळं? ज्याला हवी होती त्याला मिळाली नाही, हे त्यांना हिब्रूत सांगायचा मला कंटाळा येतो.

मध्ये एकदा बारामतीला येऊन गेले. तुम्हाला कळवलं नाही. उसाच्या कडेकडेने पुष्कळ चालले, पण बाग कुठे होती तेच ओळखता येईना. खुरपणारी एक बाई उठून म्हणाली, "कुणाकडं आलाय, बाई?"

घ्यायला एकही नाव सुचेना. "वाट चुकले," मी म्हणाले.

"आगं बया! उन्हाचं किती चालला!" तिने मला पाणी दिलं, फाट्यापर्यंत सोबत आली, माझी एसटी येईपर्यंत थांबली. घर म्हणजे मला आता तेवढंच उरलंय, जिथली माणसं मायेनं परतीच्या गाडीत बसवून देतात.