गठ्ठ्यात बांधलेले अडकित्ते

मला अडकित्ते जमवण्याचा नाद आहे. सुपारी मी खात नाही, आमच्या घरात कोणीच खात नाही. हे आधीच सांगून टाकते, कारण पहिला प्रश्न सगळे तोच विचारतात. पितळेचा मोर, पोपट, शेपटी उंच केलेला घोडा, समोरासमोर उभं असलेलं नवरा-बायकोचं जोडपं, अशा नाना तऱ्हा माझ्याकडे आहेत. कोणी घरातली जुनी भांडी मोडीत काढली, कोणाच्या घरी वाटण्या झाल्या, की मी तिथे हजर. कितीतरी इतवारीतल्या मोडवाल्याच्या ढिगातून उचललेले. त्यातला एकही पुन्हा तसाच मिळायचा नाही, कारण ते घडवणारे हातच आता उरलेले नाहीत.

आमच्या ह्यांचं गांधीबागेत कापडाचं ठोक दुकान आहे. ह्यांच्या लेखी माझा संग्रह म्हणजे मोड. पाहुणे आले की हमखास म्हणायचे, "आमच्या घरी साइडले भंगारचं दुकान पण आहे, मॅडम चालवते." पाहुणे हसायचे, मीही हसायची. मग मी विचारायची, की उभा जन्म साड्यांच्या ढिगात बसून काढला, त्यातली एखादी न मागता घरी कधी आली का? यावर पाहुणे जास्त हसायचे आणि हे चहा आणायला उठायचे.

मागच्या हिवाळ्यात ब्रह्मपुरीच्या एका कॉलेजातून बोलावणं आलं. घरातल्या जुन्या वस्तूंचं प्रदर्शन ठेवणार होते आणि त्यात एक अख्खं टेबल माझ्या अडकित्त्यांना देणार होते. मी इतकी हरखले की दोन वेळा भाजीत मीठ टाकलं. आजवर ते कपाटाबाहेर पडून कोणाच्या नजरेसमोर मांडलेच गेले नव्हते. पण हरखण्याच्या पाठोपाठ भीतीही आली. आमच्या ओळखीचे एक नाणीवाले आहेत. प्रदर्शनाहून परत येताना ढाब्यावर पोहे खायला थांबले, तेवढ्यात कोणीतरी गाडीची काच फोडून बॅग नेली. अजूनही ते एकेका नाण्याबद्दल गेलेल्या माणसाबद्दल बोलावं तसं बोलतात. माझं तसं झालं तर मी काय करणार होते, याचा विचारही मला करवत नव्हता.

मी कुलपाची नवी सुटकेस बघायला लागले, तर ह्यांनी दुकानदारी आवाज लावला.

"सुटकेस काहून? चोराले पत्ता द्यायचा आहे का? चोर बॅग उचलते वं, गठ्ठा नाही उचलत. कापडाचा गठ्ठा पाहून कोणाच्या तोंडाले पाणी सुटते?"

मला ते पटलं, हीच मोठी नवलाची गोष्ट. मग सगळी सूत्रं ह्यांनी हातात घेतली. दुकानातून अस्तराचे उरलेले तुकडे आणले, मी एकेक अडकित्ता त्यात गुंडाळला, म्हणजे आतून खणखण ऐकू यायला नको. वरून जाड्याभरड्या चादरींचे दोन थर, त्यावर बारदान. मग ह्यांनी दाभण घेऊन सुतळीने तोंड शिवलं, आणि सवयीने दुकानाच्या शाईने वर आपला मार्का ओढला. बघायला गेलं तर गांधीबागेतून रोज निघणाऱ्या गठ्ठ्यांतला एक. शिवून झाल्यावर ह्यांनी हात झटकले आणि म्हणाले, "आता मीसुद्धा ओळखणार नाही."

निघालो ते सकाळी उन्हं कोवळी असतानाच. गठ्ठा मागच्या सीटच्या खाली, पाय ठेवायच्या जागेत, वरून सोलापुरी चादर टाकलेली. डिकीत नको, कारण डिकी नजरेआड असते, असं ह्यांचं म्हणणं. उमरेडला चहा प्यायला थांबलो तर त्यातही नियम. आधी हे टपरीवर गेले आणि मी गाडीत बसले, मग मी गेले आणि हे बसले. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण नवऱ्याकडे काचेतून बघत चहा प्यायची माझी ती पहिलीच वेळ. हे आतून हात करून विचारत होते, चहा कसा आहे म्हणून. फार छान वाटलं मला, खोटं कशाला बोलू?

भिवापूरला मात्र सगळा पहारा ढिला पडला. तिथे ह्यांचं एक जुनं गिऱ्हाईक आहे, बाजारपेठेत साड्यांचं मोठं दुकान. त्या रस्त्याने जायचं आणि त्यांच्याकडे न थांबता पुढे जायचं, म्हणजे वैर घेणं. मी गाडीतच बसते म्हटलं, तर हे म्हणाले, "हे काय परकं आहे का? उतर." गाडी दुकानाच्या अगदी दारात लावली होती. आत गाद्यांवर बसवून त्यांनी आम्हाला चिवडा दिला, चहा दिला, आणि यंदाची ताजी मिरची नेल्याशिवाय जाऊ देणार नाही म्हणाले. मिरची गाडीत ठेवायला त्यांच्या माणसाने चावी मागितली. ह्यांनी बोलता बोलता चावी काढून दिली.

पुढे नागभीडच्या रस्त्याला लागलो. मी अधूनमधून मान वळवून मागे बघत होते. चादरीखाली गठ्ठ्याचा फुगवटा जागच्या जागी होता. ह्यांनी तर जुनी गाणी गुणगुणायला सुरुवात केली. मग मला शिंका यायला लागल्या. एक झाली, दुसरी झाली, मग ह्यांनाही आल्या. डिकीतल्या मिरचीचा ठसका इतका पुढपर्यंत येतो का, असं म्हणत मी हात मागे नेला आणि चादर ओढली. खाली लालभडक मिरचीचं पोतं होतं.

"गाडी थांबवा," मी म्हटलं.

डिकीत जॅक, स्टेपनी आणि पाण्याची कॅन, बाकी काही नाही. सीटखाली काही नाही. मी रस्त्याच्या कडेला एका पळसाखाली बसकण मारली. उमरेडला नजर हटली का, सिग्नलला कोणी दार उघडलं का, काही सुचेना. कपाटाचा रिकामा कप्पा तेवढा डोळ्यांसमोर येत होता. मग जे तोंडात आलं ते मी ह्यांना बोलले. मोठे आले शहाणे म्हटलं, गठ्ठा म्हणे कोणी उचलत नाही! तुमच्यासाठी ती मोडच, तुमचं काय गेलं?

एरवी माझ्या एका वाक्याला ह्यांची चार उत्तरं असतात. त्या दिवशी हे नुसते मिरचीच्या पोत्याकडे बघत राहिले. मग एकदम कपाळावर हात मारून घेतला.

"अवं, मार्का!" म्हणाले.

मला काही कळेना. मग ह्यांनी समजावलं. लग्नसराईत ऐन वेळी माल कमी पडला, की हे स्वतःच गाडीत गठ्ठा टाकून गिऱ्हाइकाला पोचवतात. भिवापूरच्या त्या दुकानात गाडी लागली, की त्यांचा माणूस आमचा मार्का बघतो आणि न विचारता गठ्ठा उतरवून घेतो. वर्षानुवर्षांची रीत. आजही त्याने गठ्ठा काढून घेतला, त्या जागी मिरचीचं पोतं ठेवलं आणि वरून चादर पुन्हा टाकली. मार्का ओढताना ह्यांच्या ते ध्यानातच आलं नाही. चोराला फसवायला केलेली युक्ती स्वतःच्याच गिऱ्हाइकावर लागू पडली होती.

ह्यांनी फोन लावला. मलाही ऐकू यावं म्हणून स्पीकर लावून तो गाडीच्या टपावर ठेवला.

"हो भाऊ, उतरवला ना गठ्ठा," तिकडून गिऱ्हाइकाचा आनंदी आवाज. "साड्या समजून खोलला, तर आत अडकित्ते निघून राहिले गा! मी म्हटलं साडीवर अडकित्ता फ्री, अशी काही नवी स्कीम आहे का काय! इथं बाया जमल्या आहेत, एकेकीच्या हातात एकेक आहे. लई पसंत पडून राहिले त्यायले."

"सगळे परत घ्या!" हे ओरडले. "आधी मोर पाहा. आहे का? त्याचा तुरा तुटलेला दिसन, तो पहिलेपासूनच तुटका आहे, ते सोडा. घोडा? एक कान घासलेला आहे तो. बरं. पोपट?"

"पोपट..." तिकडे गलका झाला. "पोपट दिसून नाही राहिला, भाऊ."

मी उठून उभी राहिले. ह्यांनी माझा हात धरला. केवढा तरी वेळ फोनमधून नुसते बायकांचे आवाज येत होते.

"आहे, आहे! आमच्या आईजवळ आहे. सुपारी कातरून राहिली. म्हणते, मस्त चालते."

"कातरू द्या त्यायले," हे म्हणाले, आणि पहिल्यांदा श्वास सोडला. "आता जोडपं पाहा. आहे ना? ते ओढून उघडू नका बरं. बाईच्या कमरेपाशी खिळा आहे, तो सैल झाला आहे. आंगठ्यानं तो दाबून धरा, मग हळूच उघडा. नाहीतर निसटते. आणि पुसायचं असन तर कोरड्या कपड्यानं, पाणी नका लावू."

"तुमाले तर सगळंच ठाऊक आहे, भाऊ."

ह्यांनी फोन ठेवला आणि रुमालाने तोंड पुसलं.

त्या सैल खिळ्याचं मी कधी कोणाला सांगितलेलं नाही. रविवारी दुपारी जेवणं झाली, की हे पलंगावर आडवे होतात, तोंडावर पेपर घेतात, आणि जरा वेळाने घोरायला लागतात. मग मी खाली सतरंजी टाकते, अडकित्ते मांडते, एकेक पुसते, त्यांच्याशी थोडं बोलतेसुद्धा. जोडप्याचा खिळा आंगठ्याने दाबून धरायचा, ते मी तिथेच करते आणि ते बघायला तिथे दुसरं कोणीही नसतं. ती घटका मी आजवर एकटीची समजत आले होते.

"सगळे आहेत," हे म्हणाले. "बस आता गाडीत. वापस जाऊन घेऊन येऊ."

मी बसले. डोळे पुसले, तर मिरचीचा हात लागून ते जास्तच वाहायला लागले, म्हणून ह्यांना काही कळलं नाही. विचारावंसं फार वाटलं, पण नाही विचारलं. विचारलं असतं, तर पुढच्या रविवारी ह्यांना खरोखर झोपावं लागलं असतं.