झाकण एका हातानं निघालं पाहिजे

आमच्या घरातल्या एकाही डब्याचं झाकण सहजासहजी निघत नसे. आमचे हे डब्याच्या तोंडाला जुन्या लुगड्याची पट्टी गुंडाळायचे, वर झाकण ठेवायचे आणि बत्त्यानं चारी बाजूंनी ठोकून बसवायचे. उघडताना डबा दोन पायांत धरायचा, एका बाजूनं उलथन्याची दांडी घालायची आणि दुसऱ्या हातानं ओढायचं. एवढं करूनही निघालं नाही की हे खूश. म्हणायचे, "किड्याची काय बिशाद!" मलाही बरं वाटायचं. ठोकलेला डबा बघितल्याशिवाय मला झोप येत नाही अशी घरात थट्टा चालायची. थट्टा होती, पण खोटी नव्हती.

मी तळ्यांच्या मुलखातली. भंडाऱ्याच्याही पलीकडं आमचं गाव, धानाची शेती, घरामागं तळं. चौथीनंतर शाळा सुटली, कारण धान रोवायला माणसं कमी पडायची. पाण्यात पाय घालून लहानाची मोठी झाले. पाणी ही साठवून ठेवायची वस्तू आहे, हे लग्न होऊन इथं येईपर्यंत मला माहीत नव्हतं. ह्यांना चिकलठाण्याच्या एका कारखान्यात काम लागलं होतं. आम्ही कारखान्यामागच्या वस्तीत दोन खोल्या घेतल्या. पुढं त्याच आमच्या झाल्या.

इथला पहिला दुष्काळ मला दुष्काळ म्हणून कळलाच नाही. मला वाटलं, हा मुलूखच असा आहे. नळ आज येतो म्हणायचे आणि यायचा नाही. भिंतीला भिंत लागून आपांचं घर. त्या शिलाईकाम करायच्या, माझ्याहून थोड्या मोठ्या. पहिल्यांदा घरात आल्या, माझ्या दोन घागरी बघितल्या आणि कमरेवर हात ठेवून म्हणाल्या, "भाभी, हे पाणी आहे का पाण्याचा नमुना?"

मग त्यांनीच शिकवलं. कारखान्यांच्या बाहेर रिकामे निळे ड्रम विकायला असतात. साबणाचा ड्रम घ्यायचा, दुसरा कसला घ्यायचा नाही. कितीही धुतला तरी बरेच दिवस फेस येतो, घाबरायचं नाही. तोंडाला फडकं बांधायचं, गढूळ आलं तर तुरटी फिरवायची. शिळं पाणी आधी भांड्याला, ताजं प्यायला. मी हे सगळं चौथीच्या पाढ्यांसारखं पाठ केलं. या बाईचं माझ्यावर फार ऋण आहे. आपल्या गावापासून इतक्या लांब, जिथं आपली बोली ऐकून लोक हसतात, तिथं शेजारीण अशी मिळणं हे नशीबच.

पाण्याची भीती बसली तशी दाण्याचीही बसली. जे पाण्याचं झालं ते ज्वारीचं का होणार नाही, असं मनात यायचं. हे लासूर स्टेशनच्या मोंढ्यातनं, म्हणजे धान्याच्या बाजारातनं, वर्षाची ज्वारी आणायचे. गव्हाला एरंडेल चोळायचं, डाळीला कडक ऊन द्यायचं, थरात कडुनिंबाचा पाला घालायचा. गावाकडनं भाऊ तांदूळ पाठवायचा, कधी लाखोळीची डाळ. ती इकडं कुणी खात नाही. धान निघालं की त्याच ओलीवर आमच्याकडं लाखोळी टाकतात. ती आली की हे तिचा वेगळा डबा भरायचे आणि जरा जास्तच ठोकायचे.

मधल्या वर्षांत शहर आमच्या अंगावरनं पुढं गेलं. आधी गच्चीवरनं ज्वारीची रानं दिसायची, मग प्लॉटच्या खुणांचे दगड दिसायला लागले, मग इमारती. शेंद्र्याकडं नवे कारखाने निघाले, रस्ता रुंद झाला. एका उन्हाळ्यात समोरच्या मोठ्या इमारतीतल्या बायका गाऊनवर ओढणी घेऊन, बादल्या धरून टँकरपाशी उभ्या दिसल्या. आमच्या गल्लीतल्या काही जणी हसल्या. मला हसू आलं नाही. यांना मिळत नाही तर आपलं काय, एवढंच डोक्यात आलं. घरी येऊन मी आणखी एक डबा भरला.

मुलगा शिकला, पुण्याला गेला. सुट्टीत आला की माळ्यावरच्या डब्यांकडं बघून म्हणायचा, "आई, हे काढून टाक ना. आता फोन केला की दहा मिनिटांत दारात येतं."

"पाणी?"

"पाणीसुद्धा."

"आणि तुझा फोनच बंद पडला तर?"

तो कपाळाला हात लावायचा. सून मधे पडायची, "असू दे हो. आईंना बरं वाटतं त्यानं."

हे गेले. मी एकटी राहिले, पण भरायची ती दोघांपुरतंच. कमी भरायला हात धजत नव्हता. झाकणं मीच ठोकायला लागले.

मग पडले. दुष्काळात नाही, पाणी आलं त्याच दिवशी पडले. ड्रम भरत होता, नळी तोंडातनं निसटली, फरशी ओली झाली. नळी धरायला धावले आणि उजव्या हातावर आले. मनगट मोडलं. कोपरापर्यंत प्लास्टर. मुलगा त्याच दिवशी गाडीत बसला. सुनेनं दोन दिवस पुरेल असं डब्यात घालून पाठवलं होतं. तो राहिला, केर काढला, चहा केला. मग तो विषय निघाला.

"आई, एका हातानं कशी राहशील? प्लास्टर निघेपर्यंत चल."

मुलगा वाईट नाही, सून तर त्याच्याहून चांगली. पण कोपऱ्यावरच्या घरातल्या बाई अशाच ऑपरेशनपुरत्या लेकाकडं गेल्या होत्या. जाताना तुळशीला पाणी घालत जा म्हणून मला सांगून गेल्या. तुळस मी जगवली, घर मात्र राहिलं नाही. तिथं आता चार मजले आहेत आणि खाली मोबाईलचं दुकान. त्यांना कुणी फसवलं नव्हतं. बंद घराला गिऱ्हाईक येतं, आणि म्हाताऱ्या माणसाचं परतणं पुढं पुढं जातं. मला ह्या दोन खोल्यांतच राहायचं होतं.

मी म्हणाले, "घर भरलेलं आहे. मला उंबरा ओलांडायचीसुद्धा गरज नाही."

"बरं. कामावर जाऊन रविवारी येतो. जमत नसेल तर मग कुरकुर न करता चलायचं." त्यानं माझ्या कपड्यांसाठी आणलेली मोठी रिकामी बॅग खाटेवर ठेवली. "ही इथंच राहू दे."

सुनेनं दिलेलं संपलं. पिठाचा डबा खाली घेतला, पायांत धरला, डाव्या हातानं दांडी घातली. डबा घसरत भिंतीपर्यंत गेला, झाकण होतं तिथंच. पोह्यांचा धरला, तोही तसाच. डाळीचा तर हलेना. पाणी प्यावं म्हटलं तर ड्रम निम्म्याखाली गेलेला. खालचं काढायला वाकावं लागतं, आणि वाकताना दुसरा हात काठाला लागतो. तो गळ्यात अडकवलेला. वर्षाचं धान्य घरात होतं आणि मी बिस्किटाचा पुडा दातानं फोडून खात बसले. समोर ती बॅग.

दुसऱ्या दिवशी आपा दारातनं म्हणाल्या, "काय भाभी, आज भी कुकर की शिट्टी नई?"

मी काही बोलायच्या आत त्यांनी पुडा बघितला. पोटभर हसल्या. "अख्खा मोंढा घर में और मालकीण बिस्कुट पे!"

हसून झाल्यावर त्या डब्याला भिडल्या. पण त्यांच्याही बोटांना शिवून शिवून गाठी आलेल्या. शेवटी त्या डब्याला मिठी मारून जमिनीवर बसल्या आणि मी डाव्या हातानं दांडी दाबली. दोन म्हाताऱ्या, धड हात एकही नाही. पिठाचं झाकण निघालं ते उडून मोरीत गेलं. पोह्यांचं निघालं, फुटाण्यांचं निघालं. माळ्यावरचे आम्ही बघितलेच नाहीत.

आपांनी दोन भाकरी थापल्या. मी सवयीनं बत्ता शोधायला लागले.

"कायकू?"

"झाकण ठोकायला. किडे होतील."

"होऊ दे. कितने बरस का भरना है? आपली उमर बघा जरा. महिन्याचं भरा, भाभी. ऊपरवाला बी आता आपल्याला महिन्या-महिन्याचंच रेशन देतोय."

मला हसू आलं. बत्ता शोधायचा राहिलाच.

त्या दिवशी त्यांनी एक कायदा काढला. एका हातानं निघेल तेवढंच घरात, बाकीचं असून नसल्यासारखं. त्यांच्या नातसुनेला बोलावलं आणि आम्ही दोघी खाटेवर बसून तिला सांगत गेलो. पीठ, पोहे, फुटाणे लहान पातेल्यांत काढले, पातेल्यावर ताटली, ताटलीवर पेला. ओट्यावरचं सगळं कमरेच्या उंचीला आणलं. गुळाची ढेप एका हातानं फुटत नाही, म्हणून ती आधीच फोडून खडे करून ठेवले. आपांकडचा गहू भाजून, डाळं घालून सातूचं पीठ करून ठेवलं, त्याला ना शेगडी लागते ना कुकर. ड्रमातलं पाणी काढून तोटीच्या माठात, आणि उरलेलं तांबे, पातेली, कळशा जे होतं त्यात. औषधाच्या गोळ्या पाकिटातनं काढून देताना पोरगी म्हणाली, "दादी, ह्या सगळ्या काढून नका ठेवू, दमट होतात." म्हणून चार दिवसांच्या तेवढ्या वाटीत काढल्या. आटे फिरवायची बॅटरी होती, तिच्या जागी बटणाची आणली.

राहिलं दार. एक किल्ली आपांकडं होतीच.

"किल्ली आहे, पण तुम्ही रात्री आतून वरची कडी लावता," आपा म्हणाल्या. "पडलात तर मी किल्ली घेऊन बाहेर नाचू काय?"

लग्न होऊन आल्यापासून कडी लावल्याशिवाय मी आडवी झाले नव्हते. बाकी सगळं ऐकलं, त्याला हो म्हणायला मात्र वेळ लागला. त्या रात्री नुसतं लॅच ओढून पडले. झोप लागली नाही, पण काही झालंही नाही.

आठवड्याच्या मध्यात मोठी पाइपलाइन फुटली. आमच्याकडं ही काही बातमी नव्हे. नळाची पाळी गेली, टँकर अडले, आणि शनिवारी वीजही गेली. मी रविवारची वाट बघत नव्हते, पण दिवस विसरलेही नव्हते.

मुलगा उन्हाचा आला, घामेजलेला. आधी मोरीत जाऊन नळ फिरवला.

"पाणी नाही?"

"नळाला नाही. घरात आहे." मी माठाची तोटी सोडून तांब्या भरून दिला. त्यानं तो उभ्यानंच संपवला आणि स्वयंपाकघरात डोकावला.

"हे काय? सगळं उघडं?"

"झाकलेलं आहे. फक्त ठोकलेलं नाही."

तो ओट्याला टेकून उभा राहिला. परीक्षा घ्यायला आलेल्या मास्तरासारखा, मला वाटलं. मी ओलं फडकं पसरलं, त्यावर वाडगा ठेवला. तसा ठेवला की एका हातानं कालवताना वाडगा फिरत नाही. दोन पातेल्यांवरचे पेले, ताटल्या बाजूला ठेवल्या, सातूचं पीठ घातलं, गुळाचे खडे, पाणी. कालवून त्याच्यापुढं सरकवला. फुटाणे आणि शेंगदाण्याची चटणी दिली. पहाटे निघालेला होता, त्यानं सगळं खाल्लं आणि वाडगा पुन्हा पुढं केला. दुसऱ्यांदा कालवून दिलं. तो माझ्या हाताकडं बघत होता.

खाऊन झाल्यावर म्हणाला, "माळ्यावरचे डबे तरी उतरवून देतो. उघडून देतो." त्याला काहीतरी करायचं होतं.

पहिल्याच डब्याचं झाकण त्याला निघेना. दांडी वाकली. मग ह्यांचा जुना पाना शोधून आणला, शर्ट काढून ठेवला.

"कुणी ठोकलंय हे?"

"तुझ्या वडिलांनी."

झाकण निघालं तेव्हा करड्या पिठाचा भपकारा आला. आत लाखोळीची डाळ असायला हवी होती. नुसता भुगा होता, आणि भुग्यात मेलेले किडे. लुगड्याची पट्टी मात्र जशीच्या तशी. बाहेरनं मुंगीसुद्धा शिरलेली नव्हती.

आवाज ऐकून आपा दारात आल्या होत्या. वाकून बघितलं. "भाई साहब ने किड्यालाच आत कोंडलं की," त्या म्हणाल्या. मग माझ्याकडं बघून हळू आवाजात, "हात लई मजबूत होता त्यांचा."

मुलानं डबा मागं नेऊन झाडाच्या बुडाशी रिकामा केला. बाकीचे उघडले. गहू चांगला निघाला, ज्वारीही बरी होती. आता त्याचं करायचं काय, हा प्रश्न होता. मी खाटेकडं बघितलं. बॅग तिथंच होती.

"पुण्यात गहू मिळतो, आई."

"मिळतो ना. हा एरंडेल चोळलेला आहे."

त्यानं बॅगेची चेन उघडली. एक डबा गहू पिशवीत घालून आत ठेवला, मग आणखी एक. उचलून बघितली, तोंड वाकडं केलं.

"दिवाळीला तरी येशील का?"

"परतीचं तिकीट आधी काढून दे. मग येते."

"देतो," तो म्हणाला. हसला नाही, म्हणजे खरंच देणार होता.

रिक्षात बॅग चढवताना आपा गल्लीभर ऐकू जाईल अशा म्हणाल्या, "मां को लेने आया, गेहूं लेके चला!"

प्लास्टर निघालं. मनगट पूर्वीसारखं वळत नाही, डॉक्टर म्हणाले आता एवढंच वळेल. भरते ते महिन्याचं. सगळं एकाच दिवशी संपेल ही भीती गेलेली नाही, ती माझ्याबरोबरच जाईल. आणि किडे होतात. झालेच की ताटात पसरून उन्हात ठेवते, आपा ताटाच्या पलीकडं बसतात, आणि दोघी मिळून निवडतो.