नामदेवकाकांच्या अपेंडिक्सचा ठोकळा

आधीच सांगते, भुताखेतांच्या भानगडीतली मी नाही. कुणाच्या अंगात आलं म्हटलं की "आधी शुगर तपासा" म्हणणारी बाई आहे मी. बारामतीत एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये अकरा वर्षं टेक्निशियन आहे. मेणाच्या ठोकळ्यात बसवलेले तुकडे कापायचे, काचेवर घ्यायचे, रंगवायचे... यात भुताला जागा कुठंय?

अन्ननलिकेच्या कॅन्सरचे तुकडे आले की आम्ही पी-५३ नावाचं प्रथिन बघतो. बिघडलेल्या पेशीला आवरायचं काम त्याचं. तेच बिघडलं की पेशीत साचतं आणि काचेवर गडद तपकिरी उमटतं. आजार किती चिवट निघेल, याचा डॉक्टरांना त्यावरून थोडाफार अंदाज येतो. रंग नीट चढलाय का हे कळावं म्हणून काचेच्या कडेला कॅन्सर नसलेला एक तुकडाही लावतो. त्याला म्हणायचं कंट्रोल.

आमचा कंट्रोल म्हणजे नामदेवकाकांचं अपेंडिक्स! काका आमचे सीनियर, पणदऱ्याचे. सहा वर्षांपूर्वी त्यांचं ऑपरेशन झालं तेव्हा स्वतःच म्हणाले, "फेकताय कशाला? माझंच लावा की. रजेवर असलो तरी हजेरी लागंल." तेव्हापासून तोच ठोकळा कापतोय. कायम फिकट, कुठं एखादा तपकिरी ठिपका.

गेल्या वर्षी बावड्याच्या एका पेशंटची काच लावली. भर दुपारी. पेशंटचा तुकडा हवा तसा रंगला होता, पण काकांचा... सगळाच्या सगळा तपकिरी! माझं डोकंच फिरलं. रंगाची नवी बाटली फोडून परत लावलं. तेच. शेजारी दुसऱ्या माणसाचा निरोगी तुकडा लावला, तो फिकटच राहिला. पाच वर्षं मेणात पडलेला तुकडा बदलेल कसा? डॉक्टर म्हणाले, "ठोकळा बदल, विषय सोड."

काकांना दाखवणार नव्हते मी. पण त्यांनीच येऊन मायक्रोस्कोपला डोळा लावला. मग म्हणाले, "दोन म्हैनं झालं पोरी, भाकरी घशाखाली उतरंना. दुधात कालवून खातोय. घरात कुणाला बोललो न्हाय."

असली चिडले मी! "दिवसभर याच रोगाचे तुकडे कापता, आणि स्वतःचं लपवता? कमाल आहे तुमची!" त्याच आठवड्यात दुर्बिणीनं तपासणी झाली. अन्ननलिकेचा कॅन्सर. तिथून काढलेला तुकडा मीच रंगवला. गडद तपकिरी आला. बाथरूममध्ये जाऊन रडले.

किमो झाली, रेडिएशन झालं. त्यानंतर मुद्दाम तो जुना ठोकळा कापला तर पुन्हा फिकट! काका भाकरी खायला लागले, इंदापूरला लेकीकडे राहायला गेले. परवाचं स्कॅनही स्वच्छ आलं.

मंगळवारी ठोकळा पुन्हा कापला. का कापला, देव जाणे. तपकिरी आला. तीनदा लावून बघितलं — तिन्ही वेळा तपकिरी.

कुणाला काय सांगू? स्कॅन चांगलं आहे, पण मेणातलं अपेंडिक्स नाही म्हणतंय? वाचणाऱ्यांपैकी कुणाकडे याचं उत्तर असेल तर जरूर सांगा, फक्त "रंगवताना चुकलं असेल" हे मला शिकवू नका.

काल काकांना फोन केला. पेरूची बाग कशी, नात कशी, इकडचं तिकडचं बोलले आणि शेवटी कसंबसं म्हटलं, "काका, उगाच एकदा दुर्बिणीनं बघून घेऊ या?" वाटलं, नेहमीसारखे भांडतील, "तू डॉक्टर हाईस व्हय गं?" म्हणतील.

त्यांनी कारणसुद्धा विचारलं नाही. म्हणाले, "उद्याच येतो."