कोडेकची सेवाज्येष्ठता

नव्वदचं दशक संपता संपता वर्तकनगरच्या आमच्या दोन खोल्यांत कॉम्प्युटर आला आणि मी स्वतःला तज्ज्ञ म्हणवून घेऊ लागलो. मासिकांबरोबर फुकट येणाऱ्या सीडींतलं दिसेल ते मशीनमध्ये कोंबायचं, एवढीच माझी विद्या. त्यात कोडेक फार. आवळून साठवलेला व्हिडिओ उलगडून दाखवणारे हे छोटे प्रोग्राम. एकदोन पुरतात, मी चौदा भरले होते.

मग अमेरिकेहून ताईची सीडी आली. तिच्या लेकीचा व्हिडिओ होता आणि तो दिसावा म्हणून भावोजींनी सोबत एक कोडेकही दिला होता. आईने नात अजून फोटोतच पाहिली होती. ती हात पुसत स्टुलावर येऊन बसली. मी पंधरावा कोडेक टाकला, व्हिडिओ लावला आणि मशीन जे थिजलं ते थिजलंच.

"गर्दी झालीये, काही काढायला लागतील," मी म्हणालो. मशीन बंद करून पुन्हा सुरू केलं आणि कंट्रोल पॅनेलमधली यादी उघडली. नावं अशी, की कोण काय काम करतो ते देव जाणे.

इथे बाबा पुढे सरसावले. कंपनीत कामगार कपातीच्या याद्या त्यांनीच केलेल्या, त्यामुळे हा प्रांत त्यांना आपला वाटला.

"कोण कधी आला ते सांग. शेवटी आलेला आधी जाणार. उगाच कुणावर अन्याय नको."

मला ते पटलं, हे सांगायला आज लाज वाटते. शेवटचे तीन आम्ही काढून टाकले.

मशीन सुरळीत चालू झालं. पडदा मात्र काळा. भावोजींचा कोडेक सगळ्यात ज्युनिअर, तोच आम्ही घरी पाठवला होता. नुसता आवाज येत होता. नात खिदळत होती आणि कॅमेऱ्यामागून ताई म्हणत होती, "इकडे बघ, आजीला टाटा कर."

"थांब गं, चित्र आणतो," म्हणत मी तो घाईघाईने पुन्हा टाकला. या वेळी सगळं दिसलं. गुबगुबीत गाल, दोन दात, टाटा. बाबा टाळ्या वाजवायला लागले. मीही स्वतःवर खूश.

आई पडद्याकडे बघतच नव्हती.

"तुझी ताई रडलीये रे," ती म्हणाली. "मघाशी आवाज ऐकलास ना?"

"अगं, सर्दी असेल," बाबा म्हणाले. "नातीकडे बघ."

तो आवाज मीही ऐकला होता. चित्र कधी येतंय, एवढंच माझं चाललं होतं. फार ओशाळलो.

आईने चपला घातल्या. "तिचा नंबर दे लिहून," ती म्हणाली. "मी फोनबूथवर जाते."