आईनं बोललेला नवस

माझी बायको जाऊन वर्ष होत आलं. घरात मी एकटाच. बोलायला कोणी नाही म्हणून लिहितोय. शाळा चौथीपर्यंतच झाली, तेव्हा चुका असतील.

स्वातंत्र्य मिळून चार-पाच वर्षं झाली असतील. आमचा पोरगा दीड वर्षाचा होता. पोट नगाऱ्यागत, हातपाय काड्या, आणि सारखं पोट बिघडलेलं. शाहूपुरीतल्या डॉक्टरांनी सांगितलं, चहा बंद, गोडधोड बंद. दूध, वरणभात, अंडं, पालेभाजी द्या, नाहीतर पोर हाताला लागायचं नाही.

सांगायला काय जातंय. आमच्यात पोर रडलं की बशीतनं चहा पाजायचा. पैपावणा रिकाम्या हातानं येत नसे. पेढा, रेवडी, गुळाचा खडा, काहीतरी पोराच्या मुठीत द्यायचंच. ते काढून घेतलं तर पावणा रुसायचा. बायको एकेकाला हात जोडून सांगायची. ऐकतंय कोण?

माझी थोरली बहीण मुरगूडला दिलेली. ती म्हणायची, "वैनी, आमची पोरं चहावरच वाढली की. मेली व्हय?"

आई तर तोंडावर म्हणायची, "लेकराच्या तोंडचं काढतीस. आई हाईस का कोण?"

मग बायको बोलायचीच बंद झाली. भरल्या घरात चुलीपुढं एकटी बसायची.

पोराला तेल लावून न्हाऊ घालायचं काम आईचं. एक दिवस बायको तिला एवढंच म्हणाली, "आत्याबाई, हळू चोळा. बरगड्या हाताला लागत्यात." आईचा हात पोराच्या छातीवर थांबला.

पुढं चार दिवसांनी बहीण काकवीचा तांब्या घेऊन आली. बोट बुडवून पोराच्या तोंडाशी नेलं, तर आईनं तिचं मनगट धरलं.

"थांब. अंबाबाईला बोललोय. पोरगं अंगानं भरंपतोर गोड न्हाय, चा न्हाय."

"कवा बोललीस?"

"सकाळी."

बहिणीनं बोट पदराला पुसलं. देवीपुढं कोण बोलणार?

ती गेल्यावर बायकोनं विचारलं, "आत्याबाई, खरंच बोललाय?"

"आता बोलतो. सुनंचं कोण ऐकतंय? देवीचं ऐकत्यात." आणि तशीच उठून देवळाकडं गेली.

पुढच्या खेपेला बहीण कोंड्यात घालून अंडी घेऊन आली. शेजारणीनं पोराला बत्तासा दाखवला तर हीच तिच्यावर धावली, "नवस मोडतीस व्हय गं?"

पोरगं हळूहळू भरलं. बायको म्हणाली, नवस फेडूया. आई काही मनावर घेईना. "गाल भरू देत अजून," म्हणायची. असं करत वर्ष घालवलं तिनं. शेवटी ओटी भरली, तेव्हा पोरगं बोळातनं पळत होतं.

आज आई नाही, बहीण नाही, बायकोही गेली. पोरगा नोकरीसाठी लांब गेला, तो तिकडचाच झाला. मला आता शुगर आहे. बायको होती तोवर माझ्या ताटातलं गोड उचलून न्यायची, मी शिव्या घालायचो. परवा जिलेबी आणली. दोन वेढी खाल्ली. कुणीच काही म्हणालं नाही. उरलेली खाववेना, तशीच झाकून ठेवली.