भाऊचे कान

ऐंशीचं दशक अर्ध्यावर आलं होतं आणि जळगावला नोकरी लागून मला तीन वर्षं झाली होती. माझ्याकडे एक साधा वॉकमन होता, त्याच्यासोबत आलेला करकरणारा हेडफोन होता. ऑफिसातून मेहरूणच्या खोलीवर आलं की तो लावून पडायचं, एवढीच काय ती चैन. मग ऑफिसातल्या एकाचा मेहुणा आखातातून सुटीवर आला. त्याने आणलेला एक हेडफोन मी पाच मिनिटं कानाला लावला आणि दुसऱ्या दिवशी साठवलेले सगळे पैसे त्याच्या हातात ठेवले. तो हेडफोन माझ्या वॉकमनपेक्षा महाग होता.

हेडक्लार्क म्हणाले, चार आण्याची कोंबडी अन् बारा आण्याचा मसाला. सगळे हसले आणि मी चिडलो. तेव्हा मी फार लवकर चिडायचो. दुसऱ्या दिवशी दोन्ही हेडफोन आणि एक कॅसेट घेऊन ऑफिसात गेलो आणि जेवणाच्या सुटीत एकेकाला धरून ऐकवायला लागलो. त्या कॅसेटवरच्या एका गाण्यात कडव्याच्या आधी मागे कुठेतरी घुंगरू वाजतं, एकदाच. साध्या हेडफोनात ते बाकीच्या आवाजात बुडून जायचं. महागात ते स्वच्छ, टोकदार ऐकू यायचं. ते ऐकल्यावर लोक मान्य करायचे की फरक आहे, पण एवढ्या फरकासाठी एवढे पैसे घालणारा वेडाच, असंही वर म्हणायचे. मी स्वतःला मोठा कानसेन समजत होतो. हे लोक आयुष्यभर भोंग्यावरची गाणी ऐकणार, यांच्या नादी कशाला लागा, असं म्हणून गप्प बसलो. पण मनातून ते गेलं नव्हतं.

त्या वर्षी अखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, गावी गेलो तेव्हा दोन्ही हेडफोन पिशवीत होते. आमचं गाव पारोळ्याच्या पुढे, धुळ्याच्या रस्त्यावर. तिथे माझा मोठा भाऊ विहिरी खोदायचं काम करायचा. वडील लवकर गेले, त्यामुळे माझं शिक्षण त्याच्या कामावरच झालं. तो माझ्याहून बारा वर्षांनी मोठा. सगळं गाव त्याला भाऊच म्हणायचं, मीही.

आमच्याकडे वरची माती थोडी आणि खाली काळा कातळ. तो पहारीने फुटत नाही, सुरुंग लावावा लागतो. तळाला सहा-सात भोकं पाडायची, त्यात दारू ठासायची, वाती सोडायच्या. वाती पेटवायला भाऊचा जोडीदार उतरायचा. भाऊ आणि तो पंधरा वर्षं सोबत काम करत होते. वाती पेटवून तो दोराने वर येई, सगळे लांब पळत आणि भाऊ एका जागी उकिडवा बसून बार मोजत असे. एक बार झाला की एक बोट मिटायचं. वाती सात असतील तर बोटं सात मिटली पाहिजेत. एक जरी कमी पडलं, तरी दुसऱ्या दिवसापर्यंत विहिरीच्या काठावर कोणी जायचं नाही, कारण हुकलेला बार आत जिवंत असतो. बोटं पुरी झाली की भाऊ म्हणायचा, "बठ्ठा उडनात," म्हणजे सगळे उडाले, आणि जोडीदार सगळ्यांत आधी खाली उतरायचा.

मोजणारा एकच असायचा, बाकीच्यांनी तोंड उघडायचं नाही. पाच जणांनी मोजलं तर पाच आकडे येतात, असं भाऊ म्हणे. मोजणं दिसतं तेवढं सोपं नव्हतं. विहीर खोल गेली की प्रत्येक बाराचा घुमारा उठतो, समोरच्या टेकडीवर आपटून परत येतो, आणि कधी एका बाराचे दोन वाटतात. मी शाळेत होतो तेव्हा भाऊने मला त्यातला फरक शिकवला होता. बाराचा आवाज टोकदार असतो, घुमारा बोथट. टोक ऐकू आलं तरच बोट मिटायचं.

अखाजीच्या दिवशी कामं बंद. बायका निंबाखाली झोके घेत होत्या, देवळापुढे पत्त्यांचे डाव पडले होते. दुपारी आमरस-पोळी झाल्यावर मी ओट्यावर माझं दुकान मांडलं. भाऊ होता, जोडीदार जेवायलाच आला होता, आणि वहिनी उंबऱ्यात बसून रात्रीच्या रसासाठी आंबे पिळत होती. आधी जोडीदाराला ऐकवलं. महाग हेडफोन लावल्यावर त्याने डोळे मोठे केले आणि घुंगरू वाजलं त्याच क्षणी मागे वळून पाहिलं, कोणी बाई आली की काय. मला इतका आनंद झाला की मी टाळी वाजवली. ऑफिसातल्या शिकलेल्या लोकांना जे कळलं नाही ते या माणसाला कळलं होतं.

मग भाऊला दिला. आधी महाग, मग साधा, मग पुन्हा महाग. तो मान डोलवत ऐकत होता. शेवटी हेडफोन काढून म्हणाला, "दोन्ही सारखाच शेतस."

माझं डोकं सटकलं. गाढवाला गुळाची चव काय, असं मी त्याला तोंडावर म्हणालो, ज्याने मला शिकवलं त्या माणसाला, त्याच्याच ओट्यावर. भाऊ हसला. जोडीदारही हसला, पण जरा उशिरा. वहिनीचे हात आंब्यावर थांबले होते.

मी रागारागात हेडफोन स्वतःच्या कानाला लावला आणि बटण दाबलं. कानात सुरी घुसावी तसा आवाज आला आणि मी तो खेचून काढला. वॉकमनच्या कडेला आवाजाची चकती असते. मी ती चारवर ठेवून दिली होती. भाऊने ती दहावर नेली होती, आणि तेवढ्या आवाजात तो शांतपणे मान डोलवत बसला होता.

जोडीदार पान खायला देवळाकडे गेला तेव्हा मी कॅसेट मागे घेतली. भाऊला म्हणालो, घुंगरू वाजलं की बोट वर कर. माझ्या वॉकमनला दोन हेडफोन एकदम लावता यायचे; महाग त्याच्या कानाला दिला, साधा मी लावला, आणि चकती पुन्हा चारवर आणली. घुंगराची जागा मला पाठ होती. घुंगरू वाजलं. भाऊ माझ्या चेहऱ्याकडे बघत होता. माझ्या डोळ्यांत काहीतरी हललं असावं, कारण किंचित उशिरा त्याचं बोट वर गेलं. मी पुन्हा कॅसेट मागे घेतली आणि या वेळी त्याच्याकडे पाठ करून बसलो. घुंगरू वाजून गेलं, कडवं सुरू झालं, संपलं. मी वळून पाहिलं तेव्हा त्याचा हात मांडीवरच होता. तो मला म्हणाला, कॅसेट खराब आहे तुझी.

वहिनीला मी स्वयंपाकघरात गाठून विचारलं, भाऊला ऐकू कमी येतं का. तिने नाही म्हटलं नाही. दोन वर्षं झाली, म्हणाली. दारावरची कडी वाजलेली कळत नाही, पाखरांचा आवाज कळत नाही, मागून हाक मारली तर फिरत नाहीत. आम्ही समोर जाऊन बोलतो, मग त्यांना ओठांवरून कळतं. मी विचारलं, आणि बार? ती म्हणाली, बार मोठा असतो, तो ऐकू येतो म्हणतात ते. मोठा आवाज त्याला ऐकू येत असणार, हे मलाही पटलं. पण टोक? टोक ऐकू येत नसेल तर बार आणि घुमारा त्याला सारखेच. दोन्ही हेडफोन सारखे, तसेच. हे मला तिथेच, त्या चुलीसमोर समजलं.

वहिनीने माझा हात धरला. आंब्याच्या रसाने तो चिकट झाला. दोनच विहिरी राहिल्यात, ती म्हणाली. पाऊस लागला की काम बंदच होतं, आणि पुढच्या वर्षी ते हे काम सोडणार आहेत, माझ्याजवळ बोलले आहेत. आता कळलं तर गावात काय राहील त्यांचं? पाठ गेलेली आहे, दगड उचलायला कोणी घेणार नाही. मी कबूल केलं, कोणाला सांगणार नाही. भाऊबद्दल मला फार वाईट वाटत होतं, त्याला मी गाढव म्हणालो होतो. त्याची भरपाई म्हणूनही मी कबूल झालो असेन.

दुसऱ्या दिवशी सकाळी जोडीदार मला बसथांब्यापर्यंत सोडायला आला. पिशवी त्यानेच घेतली होती. थांब्यावर आम्ही दोघंच होतो. बस लांब दिसायला लागल्यावर तो बोलला.

"एक इचारस, राग नका धरा. तुमना यंत्रवर भाऊना कान कशा निंघनात? मी खाले उतरस ते त्याना बोटंवर."

त्याने ओट्यावर काय पाहिलं होतं मला माहीत नाही. पण त्याला संशय होता, आणि विचारायला त्याने मला निवडलं होतं, कारण मी शिकलेला होतो आणि माझ्याकडे ते महाग यंत्र होतं. घरच्या बोलीत मला उत्तर सुचेना. मग ऑफिसात बोलतो त्या मराठीत म्हणालो, "भाऊचे कान माझ्यापेक्षा तिखट आहेत."

त्याने पिशवी माझ्या हातात दिली. तो मोकळं हसला आणि मला बसमध्ये चढवून गावाकडे निघाला.

जळगावला आल्यावर मी तो हेडफोन लावून बघितला. घुंगरू वाजलं आणि मी वॉकमन बंद केला. पुढे तीन आठवडे लावलाच नाही. एकदा जोडीदाराला पत्र लिहायला घेतलं, पण त्याला वाचता येत नव्हतं. कोणीतरी मोठ्याने वाचून दाखवणार, म्हणजे सगळ्या गल्लीला कळणार. पत्र फाडलं. रोज सकाळी आभाळ बघायचो. जळगावचं ते पांढरं, तापलेलं आभाळ, ढगाचा पत्ता नाही. पाऊस लवकर पडावा एवढंच मागत होतो, म्हणजे कामं थांबतील आणि मला काही करावं लागणार नाही.

हेडफोन पैशांच्या कसोटीला उतरला का, असं पुढेही लोकांनी विचारलं. उतरला. जे साध्या हेडफोनाला दोन वर्षांत कळलं नसतं ते त्याने एका दुपारी दाखवून दिलं. त्याच्यात काही खोट नव्हती.

फोन ऑफिसात आला, दुपारी. दुसरी विहीर, सात वाती. सहा बार झाले आणि टेकडीवरून एक घुमारा आला. भाऊने सात बोटं मिटली आणि नेहमीचं वाक्य बोलला. काठावरच्या एका मजुराने सहाच मोजले होते, पण मोजायचं काम भाऊचं, म्हणून तो बोलला नाही. जोडीदार उतरला. चुरा बाजूला करायला त्याने पहार घातली ती हुकलेल्या बारावर. धुळ्याला नेईपर्यंतही तो राहिला नाही.

दहाव्याला गेलो. जोडीदाराच्या बायकोला सगळं सांगायचं ठरवून गेलो होतो. त्यांच्या अंगणात गोणपाटावर भाऊ बसला होता, दाढी वाढलेली, कोणाकडे न बघता. त्याला कोणी दोष देत नव्हतं. कामच तसं आहे, वेळ आली होती, लोक म्हणत होते. मी त्याच्या शेजारी बसलो. जोडीदाराची बायको आमच्यापुढे चहा ठेवून समोर भिंतीला टेकली. ती रडत नव्हती. माझ्याकडे पाहून बोलायला लागली, आणि जे बोलली त्याला माझी तयारी नव्हती. तो वर्षभर घाबरत होता, म्हणाली. कामाला जाताना घास गिळायचा नाही, झोपेत दचकायचा. अखाजीला तुम्ही थांब्यावर सांगितलं आणि त्या दिवसापासून तो पोटभर जेवला, गाढ झोपला. तीन आठवडे सुखाचे गेले त्याचे, तुमच्या शब्दामुळे.

मी चहाला हात लावला नव्हता. मग ती म्हणाली, "आते मोठा पोऱ्या भाऊसंगे जाई. बापना जागावर उतरी. तुमना घरवर मना भरोसा शे."

तिचा मोठा मुलगा दाराशी उभा होता, वीस-एकवीस वर्षांचा, नुकतंच मुंडन केलेला. मी त्याच्याकडे पाहिलं. मग मी बोललो, आणि या वेळी आमच्या बोलीतच बोललो. "भाऊले ऐकाले येत नही. बार अन् घुमारा त्याले एकच वाटस. माले अखाजीपासून माहीत शे."

पुढे वाकून तिने माझ्यापुढचा चहाचा कप उचलला.

"मंग अखाजीले त्याले काय सांगेल व्हतं तुम्ही?"

शेजारून भाऊने माझ्या गुडघ्याला हात लावला आणि, ती काय म्हणते आहे, म्हणून मला विचारलं.